एमआरआयने शरीराच्या आतलं तापमान कसं मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यातल्या एका स्कॅन सेंटरवर एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. मे महिन्यात घामाघूम होऊन आलेली माणसं आमच्या गार खोलीत शिरली की हमखास विचारतात, "यात ताप पण कळतो का हो?" अलीकडे प्रश्न जास्त नेमके झालेत. कुणाच्या बहिणीला गर्भाशयातल्या गाठींसाठी बिनकापाचा उपचार सुचवलेला असतो. कुणाच्या वडिलांचा हात इतका थरथरतो की चहाचा कप ओठापर्यंत जात नाही. त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की एमआरआयमध्ये झोपवून, तापमान बघत बघत आतला भाग जाळतात. दोन स्कॅनच्या मधल्या पाच मिनिटांत याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझा साधा एमआरआय झाला. त्यात माझं तापमान मोजलं गेलं का?

नाही. गुडघा, मणका, मेंदू, पोट यांच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये तापमानाचा कुठलाही नकाशा काढत नाहीत. तापमान मोजण्यासाठी वेगळ्या पद्धतीने चित्रं घ्यावी लागतात आणि ती उपयोगी पडतात मुख्यतः शरीराचा एखादा भाग मुद्दाम गरम किंवा थंड करत असताना. ताप आलाय का, हे बघायला साधा थर्मामीटर पुरे.

मग एमआरआयने तापमान मोजायची गरज कुणाला पडते?

जिथे उष्णता हेच औषध आहे, त्या डॉक्टरांना. फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये शरीराबाहेरून सोडलेल्या ध्वनिलहरी आत एका बिंदूवर एकवटतात. गच्चीवर भिंगाने कागद जाळणारी मुलं आठवा, तसंच. वाटेतली कातडी शाबूत राहते आणि आतला तांदळाच्या दाण्याएवढा, कधी त्याहून थोडा मोठा भाग तापतो. लेझरच्या उपचारात कवटीला बारीक भोक पाडून तारेएवढी लेझरवाहिनी मेंदूत नेतात आणि फिट्सचा उगम असलेली जागा किंवा खोलवरची गाठ आतूनच तापवतात. हायपरथर्मिया नावाच्या तिसऱ्या उपचारात जाळायचं काहीच नसतं. गाठ ४० ते ४३ अंशांच्या आसपास तासभर ऊबदार ठेवतात, म्हणजे किरणोपचाराचा किंवा केमोचा परिणाम वाढतो.

तिन्ही ठिकाणी डॉक्टरांना एकच गोष्ट हवी असते: आत्ता, या क्षणी, कुठे किती तापलंय? डोळ्यांना ते दिसत नाही आणि हातही तिथे पोचत नाही.

त्यासाठी सुईसारखा थर्मामीटर आत घातला की झालं ना?

घालता येतो. प्रकाशवाहक काचतंतूचे बारीक थर्मामीटर असतात, ते चुंबकातही चालतात, आणि एमआरआयचे आकडे पडताळायला आजही तेच वापरतात. पण सुई फक्त तिच्या टोकाचं तापमान सांगते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शितं साधारण सारखीच शिजतात. इथे तसं नाही. केंद्रबिंदू ५८ अंशांवर आणि तिथून काही मिलिमीटरवरची नस ३८ वर, असं एकाच वेळी असू शकतं. सुई नेमक्या चुकीच्या शिताला लागली तर नस जळेल आणि आकडा मात्र छान दिसेल. शिवाय मेंदूत प्रत्येक सुई म्हणजे एक जखम. एमआरआय पातेल्याच्या अख्ख्या थराचा नकाशा देतो, साधारण दर ३ ते ६ सेकंदांनी नवा, आणि शरीराला न टोचता.

पण चुंबकाला उष्णता कशी कळते? त्याचा आणि तापमानाचा काय संबंध?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे. घाई असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.

एमआरआय खरं तर पाण्यातल्या हायड्रोजनचा आवाज ऐकतो. चुंबकात ठेवलेलं हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, भोवऱ्यासारखं डुलत फिरतं आणि त्या फिरण्याचा वेग चुंबकाच्या ताकदीवर ठरतो. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनमध्ये तो सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख फेऱ्या इतका असतो.

आता पाण्याचे रेणू. ते सुटेसुटे नसतात, फुगडी घातल्यासारखे एकमेकांचे हात धरून असतात. याला हायड्रोजन बंध म्हणतात. प्रत्येक हायड्रोजनभोवती इलेक्ट्रॉनचं पातळ पांघरूण असतं आणि ते बाहेरच्या चुंबकाला किंचित अडवतं. शेजारच्या रेणूने हात घट्ट धरला की हे पांघरूण ओढलं जातं, हायड्रोजन थोडा उघडा पडतो आणि चुंबकाची ताकद त्याला थोडी जास्त लागते. पाणी तापलं की रेणूंची धडपड वाढते, हातांची पकड सैल होते, पांघरूण परत अंगावर येतं. हायड्रोजनला जाणवणारं चुंबकत्व कणभर कमी होतं आणि तो कणभर हळू फिरू लागतो.

कणभर म्हणजे किती? एका अंशाला दहा कोटी भागांतला एक भाग. १.५ टेस्लावर ६ कोटी ३९ लाख फेऱ्यांमध्ये सुमारे ०.६४ फेरीचा फरक! एक अख्खी फेरीसुद्धा नाही. तरी तो मोजता येतो, आणि शरीराच्या तापमानाच्या टप्प्यात तो सरळ रेषेत बदलतो: दुप्पट तापलं की दुप्पट फरक. स्नायू असो, यकृत असो की मेंदू, पाणीदार ऊतींमध्ये हा हिशेब जवळपास तोच राहतो. ऊत शिजून गेली, तिच्यातली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट झाली, तरी फारसा बिघडत नाही. याच कारणामुळे बाकीच्या पद्धती मागे पडल्या आणि ही टिकली.

इतका बारीक फरक पकडतात तरी कसा?

थोडं थांबून. लेझीम पथकातले दोघं एकत्र सुरू झाले आणि एकाचा ताल अगदी किंचित संथ असला, तर पहिल्या ठेक्याला काही कळत नाही. वेळ जाऊ दिला की तो मागे पडलेला दिसतो. एमआरआयमध्येही रेडिओलहर सोडल्यावर १० ते २० मिलिसेकंद वाट बघून मग ऐकतात आणि प्रत्येक ठिपक्यातला प्रोटॉन वर्तुळात किती मागे पडलाय तो कोन मोजतात. याला आम्ही फेज म्हणतो. १.५ टेस्लावर १५ मिलिसेकंद थांबलं तर तापमानाच्या एका अंशाला कोनाचे साधारण साडेतीन अंश मिळतात. १० अंश तापलं की ३५ अंशांचा कोन, तो स्वच्छ दिसतो. फार वेळ थांबलं तर मात्र मूळ आवाजच विरून जातो, त्यामुळे किती थांबायचं हे ऊतीप्रमाणे ठरवावं लागतं.

म्हणजे मशीन थेट "३७.२" असं दाखवतं?

नाही. आणि हे एवढं समजलं तर बाकी सगळं समजलं, असं मला वाटतं.

एमआरआयला तापमान दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. कारण कोन फक्त उष्णतेने बदलत नाही. चुंबक कधीच शंभर टक्के एकसारखा नसतो, नाकातल्या हवेजवळ आणि आतड्यातल्या वायूजवळ तो वाकडातिकडा होतो, आणि हे सगळं कोनात मिसळलेलं असतं. म्हणून उष्णता द्यायच्या आधी एक चित्र घेतात आणि नंतरच्या प्रत्येक चित्रातून ते वजा करतात. पूर्वी आपण रिकामा डबा घेऊन तेल आणायला गेलो की वाणी आधी डब्याचा धडा करायचा, मग तेल ओतायचा. हे तसंच आहे. धड्याच्या वेळचं शरीराचं तापमान थर्मामीटरने बघायचं, समजा ३७, आणि नकाशातला फरक त्यात मिळवायचा. पडद्यावर ५६ दिसतं तेव्हा मशीनने मोजलेले असतात १९ अंश. बाकीचे ३७ आपण सांगितलेले असतात.

मी हे शिकलो ते पुस्तकातून नाही, चायना ग्रासमधून. काही वर्षांपूर्वी रात्री पेशंट संपल्यावर, परवानगी घेऊन, मी चायना ग्रास पाण्यात उकळून दोन बरण्या भरल्या. एक गरम, एक खोलीच्या तापमानाला आलेली. दोन्ही डोक्याच्या कॉइलमध्ये, म्हणजे हायड्रोजनचा आवाज ऐकायला डोक्याभोवती बसवतो त्या पिंजऱ्यात, शेजारी ठेवल्या आणि गरम बरणीत मित्राच्या प्रयोगशाळेतून उसना आणलेला काचतंतूचा थर्मामीटर खुपसला. वीस मिनिटं चित्रं घेतली. गरम बरणी निवत गेली आणि नकाशातही ती निवताना दिसली. बघून अंगावर काटा आला. पण थर्मामीटर सांगत होता ८ अंश उतरलं आणि नकाशा काही वेगळंच सांगत होता, दीड अंशाने चूक. मी तासभर गणित तपासत बसलो. मग गार बरणीकडे लक्ष गेलं. तिचं तापमान बदलण्याचं काही कारण नव्हतं, तरी नकाशावर तीही दीड अंश बदललेली! दिवसभराच्या कामाने मशीनचेच आतले भाग तापले होते आणि ते निवताना चुंबक हळूहळू सरकत होता. गार बरणीचा खोटा बदल दोन्हींतून वजा केला आणि आकडे जुळले.

खऱ्या उपचारातही हेच करतात. न तापणारा एखादा भाग संदर्भ म्हणून धरतात आणि चुंबकाचं सरकणं त्यावरून काढून टाकतात.

उपचाराच्या वेळी "अजिबात हलू नका" असं इतकं बजावतात, ते का?

वरच्या उत्तरातच कारण आहे. धडा एका डब्याचा केला आणि तेल दुसऱ्या डब्यात ओतलं तर वजन काय येणार? तुम्ही दोन मिलिमीटर सरकलात की वजाबाकी वेगवेगळ्या जागांची होते आणि नकाशावर नसलेली उष्णता दिसते, किंवा असलेली लपते. लपणं जास्त धोक्याचं.

म्हणून मी पेशंटना सांगतो की स्थिर झोपणं हा तुमच्या वाट्याचा उपचार आहे. नेहमीच्या स्कॅनमध्ये हललात तर चित्र धूसर येतं, आम्ही परत काढतो. इथे मात्र त्या क्षणाच्या आकड्यावर डॉक्टर उष्णता चालू ठेवायची की थांबवायची ते ठरवत असतात. खोकला येतोय, पाठ दुखतेय, लघवीला जायचंय, तर निमूटपणे सोसू नका. उष्णता देणं सुरू होण्याआधी सांगा. हातात थांबवायचं बटण दिलेलं असतं. ते दाबल्याने कुणी रागावत नाही.

आणि श्वासाचं काय? तो तर थांबवता येत नाही.

यकृत आणि मूत्रपिंड श्वासाबरोबर वरखाली होतात, त्यामुळे तिथे हे काम सगळ्यात अवघड. एक उपाय म्हणजे उष्णता देण्यापूर्वी श्वासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची पुष्कळ चित्रं घेऊन ठेवायची आणि नंतर प्रत्येक चित्राला त्यातलं जुळणारं जोडीदार चित्र शोधून वजाबाकी करायची. दुसरा उपाय मला फार सुंदर वाटतो: आधीचं चित्र घ्यायचंच नाही. तापलेल्या जागेच्या भोवतालच्या न तापलेल्या भागावरून मधली फेज काय असायला हवी होती याचा अंदाज बांधायचा, आणि तो वजा करायचा.

अवयव स्वतः हलला नाही तरी श्वासाचा त्रास होतोच. छातीत हवा भरली की आजूबाजूचं चुंबकक्षेत्र बदलतं. प्रोस्टेटच्या उपचारात गुदाशयातला वायू सरकला तरी आकडे हलतात. आदल्या दिवसाचं पथ्य म्हणूनच मनावर घ्या.

शरीरात चरबी जास्त असेल तर?

तुमच्या वजनाचा इथे तितकासा संबंध नाही. प्रश्न आहे तो ज्या जागी मोजायचंय तिथे चरबी आहे का, हा. चरबीच्या रेणूंमध्ये पाण्यासारखी फुगडी नसते. हायड्रोजन बंध नाहीत, म्हणून तापमान वाढलं तरी चरबीतल्या हायड्रोजनचा वेग जवळजवळ बदलत नाही. एकाच ठिपक्यात पाणी आणि चरबी मिसळलेली असतील तर आकडा चुकतो. म्हणून तापमान मोजताना चरबीचा आवाज दाबतात आणि फक्त पाण्याचा ऐकतात. स्तनात, जिथे चरबी भरपूर, तिथे हे खास जपावं लागतं.

हाडाचं कठीण कवच तर एमआरआयला जवळजवळ ऐकूच येत नाही. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना कमी करण्यासाठी फोकस्ड अल्ट्रासाउंड देतात तेव्हा हाडाला चिकटून असलेल्या मऊ ऊतीचं तापमान बघून आतला अंदाज घ्यावा लागतो.

याशिवाय दुसऱ्या पद्धती आहेत का?

आहेत. रेडिओलहरीने हललेल्या प्रोटॉनला पूर्वस्थितीत यायला जो वेळ लागतो त्याला टी-वन म्हणतात. ऊती तापल्या की हा काळ लांबतो, साधारण अंशाला एक टक्का, पण प्रत्येक ऊतीत वेगळ्या प्रमाणात. चरबीत मोजायचं तर हा मार्ग कामाला येतो. पाण्याच्या रेणूंचं इकडेतिकडे पसरणं तापमानाबरोबर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढतं, त्यावरूनही मोजतात, मात्र ही पद्धत जराशा हालचालीनेही बिघडते.

खरं, थेट तापमान हवं असेल तर स्पेक्ट्रोस्कोपी. मेंदूत एनएए नावाचं एक रसायन असतं, त्याच्या हायड्रोजनचा वेग तापमानाने बदलत नाही. पाण्याचा बदलतो. दोघांमधलं अंतर मोजलं की आधीच्या चित्राशिवाय मेंदूचं तापमान काढता येतं. हे काम हळू चालतं, ठिपके मोठे असतात, म्हणून जाळण्याच्या उपचारात धावत्या मोजमापाला ते पुरत नाही.

किती अंशांना पेशी मरतात?

फक्त अंश सांगून उत्तर पुरं होत नाही, वेळही सांगावी लागते. कुकरच्या शिट्ट्या आणि मंद आच यातला फरक घरोघरी माहीत आहे. सापारेटो आणि ड्युई या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरतात. त्यात सगळं ४३ अंशांवरच्या मिनिटांमध्ये बदलून घेतात. ४३ अंशांना २४० मिनिटं ठेवलं तर बहुतेक ऊती मरतात असं धरतात. त्यावर प्रत्येक अंशाला वेळ निम्मी. ४४ ला १२० मिनिटं, ४५ ला ६०, ५० ला दोन मिनिटांहून कमी आणि ५७ ला एक सेकंदसुद्धा नाही. ४३ च्या खाली मात्र प्रत्येक अंशाला वेळ चौपट होते, त्यामुळे ३९ च्या तापाने ऊती भाजत नाहीत.

मशीन प्रत्येक ठिपक्याचा हा हिशेब दर काही सेकंदांनी जमा करत जातं. पडद्यावर दोन नकाशे असतात: एक आत्ताच्या तापमानाचा, दुसरा आतापर्यंत साठलेल्या उष्णतेचा. डॉक्टरांची नजर दुसऱ्यावर जास्त असते.

बाबांचा हात थरथरतो. त्या उपचारात नेमकं काय होतं?

आधी न्यूरॉलॉजिस्टकडून एक पक्कं करून घ्या: हा इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे मुख्यतः काम करताना हात थरथरण्याचा आजार आहे, की पार्किन्सन. दोन्हींत हात थरथरतो, पण आजार वेगळे. औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासून मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फोकस्ड अल्ट्रासाउंडला इसेन्शियल ट्रेमरसाठी २०१६ मध्ये मान्यता दिली आणि पार्किन्सनच्या थरथरीसाठी २०१८ मध्ये. गर्भाशयातल्या गाठींसाठी ती त्याही आधी, २००४ मध्ये मिळाली होती.

उपचाराच्या दिवशी डोक्याचे सगळे केस काढतात, कारण केसांत अडकलेली हवा ध्वनिलहरींना अडवते. डोक्याला चार पिनांनी चौकट घट्ट बसवतात. वर शिरस्त्राणासारखं यंत्र येतं, त्यात एक हजाराहून जास्त छोटे ध्वनिस्रोत असतात, आणि यंत्र व डोकं यांच्यामध्ये गार पाणी खेळवतात, नाहीतर कवटीच तापेल. पेशंट पूर्ण जागा असतो.

ध्वनिलहरींचे पहिले एक-दोन झटके हलके असतात. जागा ४०-४५ अंशांपर्यंत तापवून फक्त बघतात की उष्णतेचा ठिपका ठरवलेल्या जागीच पडतोय ना. नसेल तर मिलिमीटरच्या भाषेत सरकवतात. मग ५० च्या आसपास, एवढ्या थोड्या वेळासाठी की परिणाम तात्पुरताच राहावा. डॉक्टर विचारतात: बोटं बधिर वाटतात का, बोलणं अडखळतंय का? कागदावर गोल वेटोळं काढायला सांगतात. थरथर कमी झाली आणि दुसरा त्रास नाही, असं दिसलं तरच ५५ ते ६० अंश. तापमान दिसत नसतं तर ही मधली, विचारून पुढे जाण्याची पायरीच शक्य झाली नसती. म्हणून मी या मोजमापाला उपचाराचा कणा समजतो.

चालणं थोडे दिवस डगमगणं, ओठ किंवा बोटं बधिर होणं असे त्रास काहींना होतात. ते डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोला.

लेझरच्या उपचारातही असंच असतं?

तत्त्व तेच. तिथे एक सोय मला विशेष वाटते. दृष्टीच्या नसेसारख्या नाजूक जागेजवळ नकाशावर खूण करून मर्यादा घालून देता येते. त्या खुणेचं तापमान मर्यादेपलीकडे गेलं की लेझर आपोआप बंद होतो.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठल्याही एमआरआय सेंटरवर हे होतं का?

नाही. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि वाशीपासून पनवेलपर्यंत आता एमआरआय पुष्कळ झालेत, पण ते निदानासाठी आहेत. उपचारासाठी ऊर्जा देणारं वेगळं यंत्र, ते एमआरआयशी जोडणारी प्रणाली आणि शिकलेली टीम लागते. हे मोठ्या, खास सोय केलेल्या रुग्णालयांतच असतं. कर्करोगाचे उपचार खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या तिथल्या केंद्रात, चालू असतील तर उष्णतेच्या उपचारांबद्दल तिथल्याच तुमच्या डॉक्टरांना विचारा, बाहेरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

कुठेही गेलात तरी दोन प्रश्न जरूर विचारा. उपचार चालू असताना तापमान एमआरआयने मोजणार का? गाठी जाळण्याचे काही प्रकार सोनोग्राफी बघत केले जातात, तेही मान्य उपचार आहेत, पण त्यात असा तापमानाचा नकाशा मिळत नाही. आणि गाठीच्या जवळ कुठली नस, आतडं किंवा मूत्राशय आहे? याचं उत्तर डॉक्टर चित्रावर बोट ठेवून देतील.

१.५ टेस्ला चांगलं की ३?

३ टेस्लावर एका अंशाचा फरक दुप्पट मोठा दिसतो, म्हणून मोजमाप जास्त बारीक होऊ शकतं. उपचार मात्र दोन्हींवर होतात. टेस्लापेक्षा टीमचा अनुभव बघा. खारघरला केंद्र असलेली सॅमीर ही सरकारी संस्था देशी बनावटीच्या १.५ टेस्ला एमआरआयवर काम करते आहे, याचं मला इथला माणूस म्हणून मनापासून कौतुक वाटतं.

एमआरआयमुळेच शरीर तापत नाही का?

थोडं तापतं. आम्ही सोडतो त्या रेडिओलहरींतली काही ऊर्जा शरीरात उष्णता होऊन जिरते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नेहमीच्या पातळीवर अख्ख्या शरीराला किलोमागे २ वॅट आणि डोक्याला ३.२ वॅट अशी मर्यादा आहे, म्हणजे शरीराचं आतलं तापमान अर्ध्या अंशाहून जास्त वाढू नये. तुमचं वजन विचारतो ते यासाठीच, मशीन त्यावरून हिशेब करतं. म्हणून खरा आकडा सांगा. अंगात ताप असेल तर तोही सांगा.

खरी काळजी भाजण्याची, आणि ती बहुधा टाळता येते. दोन्ही हात पोटावर गुंफले, उघड्या मांड्या एकमेकींना चिकटल्या, तर शरीरातच विजेचं वर्तुळ तयार होतं आणि चिकटलेल्या जागी चटका बसू शकतो. आम्ही मध्ये पॅड ठेवतो, ते काढू नका. जरीची साडी, चंदेरी धाग्याचे खेळाचे कपडे, धातूचा थर असलेली औषधाची पट्टी, हे सगळं बाहेर. मंगळसूत्र उतरवताना अनेक बायकांच्या जिवावर येतं, मला ते दिसतं. पर्समध्ये ठेवा, पर्स घरच्यांच्या हातात द्या, बाहेर येताच घाला. आत मशीनच्या बोगद्यात तापलेलं सोनं गळ्याला लागू नये एवढंच आम्हाला हवं असतं.

आणि हो, आत गरम वाटलं तर बेल दाबा. "सहन करू थोडं" असं करू नका.

शरीरात धातूचं रोपण असेल तर त्याचं तापणं या पद्धतीने बघता येतं का?

धातूच्या अगदी जवळ चुंबकक्षेत्र इतकं विस्कटतं की तिथला नकाशा भरवशाचा राहत नाही. म्हणून रोपणाचं कार्ड आणणं हाच मार्ग. त्यावरच्या कंपनी आणि मॉडेलवरून ते कुठल्या अटींवर सुरक्षित आहे, हे आम्ही बघतो.

गोठवून गाठ मारतात त्यातही तापमान दिसतं?

बर्फाचा गोळा एमआरआयवर अगदी काळाभोर दिसतो, कडा स्पष्ट. पण कडेचं तापमान शून्याच्या आसपास असतं आणि पेशी हमखास मरायला उणे २० ते उणे ४० लागतं. म्हणून गोळा गाठीच्या पलीकडे काही मिलिमीटर जाऊ देतात.

सोसायटीत "थर्मल स्कॅन"चं शिबिर होतं, स्तनाच्या कर्करोगासाठी. ते हेच का?

अजिबात नाही. तो इन्फ्रारेड कॅमेरा असतो. तो कातडीच्या वरची उष्णता बघतो, आत किती खोलवर काय आहे हे त्याला कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने स्पष्ट इशारा दिलाय की अशा थर्मोग्राफीने मॅमोग्राफीची जागा घेऊ नये. स्तनात गाठ हाताला लागली आणि शिबिरात "सगळं नॉर्मल" असा कागद मिळाला म्हणून कुणी महिने घालवले, तर ते नुकसान भरून येत नाही. गाठ लागली की डॉक्टर, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी. ताई, मावशी, वहिनी, सगळ्यांना हे सांगा.

ही पद्धत कुणी शोधली?

एकट्या कुणी नाही. तापमानाचा टी-वनवर परिणाम होतो हे ब्लोएम्बर्गन, पर्सेल आणि पाउंड यांच्या १९४८ च्या कामापासून माहीत होतं. पाण्याचा हायड्रोजन तापमानाबरोबर वेग बदलतो हे हिंडमनने १९६६ मध्ये मोजलं. तेव्हा एमआरआय जन्मालाही यायचा होता. १९८३ मध्ये पार्करने टी-वनवरून तापमान काढायचा मार्ग सुचवला आणि १९९५ मध्ये इशिहारा व सहकाऱ्यांनी फेजवरून जलद नकाशा काढून दाखवला. आज रुग्णालयांत बहुतेक ठिकाणी चालते ती हीच फेजची पद्धत.

तापमान मोजण्यासाठी गॅडोलिनियमचं (रक्त पोचतं तो भाग चित्रात उजळवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन लागतं का? आणि शेवटी रिपोर्टमध्ये काय मिळतं?

मोजण्यासाठी इंजेक्शन लागत नाही, पाणी शरीरात असतंच. गाठीच्या उपचारात ते सगळी उष्णता देऊन झाल्यावर देतात. जिथे रक्त पोचत नाही तो भाग चित्रावर काळा राहतो, आणि गाठीचा किती हिस्सा निकामी झाला हे त्यावरून मोजतात. रिपोर्टमध्ये तुम्हाला बहुधा हाच आकडा दिसेल, टक्क्यांत. तापमानाचे नकाशे रुग्णालयाच्या संगणकात राहतात. हवे असतील तर डिस्चार्जच्या आधी सीडीवर मागून घ्या आणि पुढच्या तपासणीला जाताना जुन्या एमआरआयच्या सीडीबरोबर तीही पिशवीत ठेवा.